सैल सोड, माय

“कळ आली की श्वास कोंडू नको, माय. तोंड उघडं ठेव. कळ गेली की सगळं अंग सैल सोड.” चौतीस वर्षांत हे मी किती बायांना सांगितलं, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. १९८९ साली आरोग्य सेविका म्हणून लागले तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता, आम्ही परभणीत होतो. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला. माझी बहुतेक नोकरी औंढा नागनाथच्या आसपासच्या उपकेंद्रांत गेली. २०२३ साली निवृत्त झाले आणि आता त्याच भागातल्या एका गावात, अंगणवाडीच्या खोलीत, बायांचा योगवर्ग घेते.

नर्सबाई योगाकडे कशा काय गेल्या, असं पुष्कळ जण विचारतात. त्यांना वाटतं मी रस्ता बदलला. मला तसं कधी वाटलं नाही. ते का, हे सांगावं म्हणून लिहिते आहे, आणि त्यामागं माझी एक मागणीही आहे. खेड्यात योग पोचवायचा असेल तर ते काम आरोग्य सेविका, आशाताई आणि आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर यांच्या हाती द्या. मात्र त्यांना नीट शिकवा, मोबदला द्या, आणि नोकरीत असलेल्यांच्या अंगावरचं दुसरं काहीतरी काम आधी उतरवा.

माझी सुरुवात दुखण्यातून झाली. आमच्याकडच्या दोन वाड्यांना तेव्हा एसटी जात नव्हती. लसीकरणाच्या दिवशी चार आईसपॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरिअर एका खांद्याला, रजिस्टरांची पिशवी दुसऱ्या खांद्याला, आणि पावसाळ्यात पाऊल उचलू न देणारा काळ्या रानातला चिखल. घरच्या बाळंतपणाला बोलावणं आलं की तासन्‌तास जमिनीवर वाकून राहायचं. २००८ च्या पावसाळ्यात एक दिवस खाली ठेवलेला कॅरिअर उचलायला वाकले आणि पुन्हा सरळच होता येईना. डाव्या पायात घोट्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ. तपासणीत निघालं की कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणाले, पायातली ताकद शाबूत आहे, तीन महिने गोळ्या आणि व्यायाम करून बघू.

हिंगोलीत एक निवृत्त शिक्षक योगवर्ग घ्यायचे. भावजयीनं हात धरून नेलं. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या हातपाय वळायला लावतील. त्यांनी आधी विचारलं, कळ कुठून कुठपर्यंत जाते, खोकल्यावर वाढते का, पायाला मुंग्या येतात का. हे प्रश्न मी रुग्णांना विचारत आले होते. मला कुणी विचारले नव्हते. मग त्यांनी पालथं झोपवलं, हाताच्या घडीवर कपाळ टेकायला लावलं आणि म्हणाले, पोट सतरंजीला टेकतं आणि सुटतं, तेवढंच बघा. पहिल्या दिवशी मकरासनाशिवाय दुसरं काही नाही. भुजंगासन पंधरा दिवसांनी, तेही बेंबी जमिनीवरून न उचलता. पुढं वाकायचं कुठलंही आसन वर्षभर बंद. आठ महिन्यांनी कॅरिअर पुन्हा खांद्याला आला. हे सगळं योगानंच केलं असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, पट्टा होता, फिजिओथेरपी होती, आणि घरच्यांनी पाण्याची घागर उचलू दिली नाही हेही होतं.

त्या वर्गातली एक दुपार मात्र मनातून जात नाही. आम्ही शवासनात पडलो होतो. सर म्हणत होते, “उजवा पाय शिथिल करा... कंबर शिथिल करा... जबडा शिथिल करा...” आणि मला माझाच आवाज ऐकू आला. कंबर सैल सोड, माय. दातावर दात धरू नको. बाळंतपणाच्या टेबलाजवळ उभं राहून मी वीस वर्षं हेच सांगत होते, फक्त त्याला काही नाव असतं हे ठाऊक नव्हतं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी बाईनं जोर लावला तर ती दमते आणि बाळंतपण लांबतं. म्हणून तिला श्वासावर आणायचं, दोन कळांच्या मधल्या वेळात अंग मोकळं करायला शिकवायचं. बाई घाबरलेली असली की खांदे कानापाशी जातात. तिच्या खांद्यावर हात ठेवून आपण सावकाश श्वास सोडला की थोड्या वेळानं तीही सोडते. हे मला एका वयस्क सुईणीनं शिकवलं होतं.

पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक अभ्यासक्रम केला. दर रविवारी वसमतमार्गे नांदेड, सकाळची एसटी, डब्यात भाकरी आणि ठेचा. २०१९ मध्ये योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली. हे मंडळ आयुष मंत्रालयानं २०१८ साली सुरू केलं. तिथली पहिली पायरी ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’ची, तिच्यासाठी २०० तासांचा अभ्यास धरलेला आहे. त्यातला शरीररचनेचा भाग मला पाठ होता. संस्कृत नावांनी मात्र घाम काढला.

प्रमाणपत्र हातात आलं आणि उपकेंद्रात वर्ग जाहीर केला. सकाळी सहाची वेळ. पहिल्या दिवशी तिघी आल्या, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी कुणी नाही. चूक माझी होती. सकाळी सहाला बाई पाणी भरते, झाडलोट करते, भाकरी थापते, लेकरांचं आवरते आणि सात-साडेसातला रानात निघते. मग मारुतीच्या पारावर संध्याकाळचा वर्ग ठेवला. तिथं येऊन बाया नुसत्या बसून राहिल्या. गड्यांच्या समोर पारावर कोण आडवं होईल? शेवटी अंगणवाडीची खोली, दार लोटून घेतलेलं, रानातून आल्यावर चहा पिऊन अर्ध्या तासानं, साडेपाच ते सव्वासहा. चटया नाहीत. घरून आणलेल्या वाकळी आणि सतरंज्या. अंगावर साडीच, म्हाताऱ्यांचं लुगडं. आसनं साडीला जुळवून घेतली. जवळच्या तांड्यावरच्या आज्या कोपरापर्यंत चुडा घालतात, त्यांच्यासाठी भुजंगासन कोपर टेकवून. आमच्या वर्गात मुसलमान बायाही येतात. सुरुवातीला दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं, ज्यानं त्यानं आपल्या मनातलं नाव घ्यायचं, एवढंच मी सांगते. त्यावरून कधी कुरबुर झालेली नाही.

पहिल्याच आठवड्यात शवासन घेतलं. पंचेचाळिशीची एक बाई आडवी झाली आणि अर्ध्या मिनिटात उठून बसली. पदर सावरला, दाराकडं बघितलं. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, “सिस्टर, दिवसा असं पडायची सवय नाही बघा. सासू आली म्हंजी काय म्हनंल?” तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालेलं. तापानं फणफणली असेल तेव्हा किंवा बाळंतपणात पडली असेल तेवढीच. धड असताना, उजेडात, काही न करता पाठ टेकायची, हे तिच्या अंगाला एकोणतीस वर्षांत माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, मी दाराकडं बघते, तू डोळे मीट. पाच मिनिटांनी तिच्या कपाळावरची आठी गेली. पंधरा मिनिटांनी ती घोरत होती. बाकीच्या हसल्या, पण तिला कुणी उठवलं नाही.

‘शिथिल’ हा शब्द मी तेव्हाच सोडला. सैल सोड म्हटलं की समजतं. ‘दीर्घ श्वसन’ म्हटलं की बाया छाती फुगवून खांदे वर नेतात. ‘लेकरू झोपल्यावर त्याचं पोट कसं वर-खाली होतं, तसं’ म्हटलं की बरोबर जमतं.

आमच्याकडच्या अंगांचं वेळापत्रक पिकाबरोबर चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. त्या हळदीमागं बायांचे गुडघे आणि मनगटं असतात. दिवसभर उकिडवं बसून गड्ड्यापासून हळकुंडं मोडायची, माती झाडायची, टोपलं भरायचं. त्या महिन्यांत वर्गात येणाऱ्या बाईचं बोट पिवळं आणि अंगठ्याचा सांधा सुजलेला असतो. तिला आणखी उकिडवं बसवणारं आसन देणं म्हणजे छळ. तेव्हा पाठीवर झोपून पाय भिंतीला लावायचे, मनगटं गरम पाण्यात हलवायची, मान सावकाश फिरवायची. सोयाबीनच्या सोंगणीत कंबर, कापसाच्या वेचणीत खांदे आणि पाठ. शहरातल्या वर्गात खुर्चीत बसून आखडलेली माणसं येतात, त्यांना हालचाल लागते. आमच्या बायांची हालचाल आधीच अंगाबाहेर झालेली असते, त्यांना विसावा शिकवावा लागतो. छापील कार्यक्रम दोघांना एकच दिला जातो, हे मला पटत नाही.

आता ज्या गोष्टीमुळं मी हे इतक्या आग्रहानं लिहिते आहे, ती सांगते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली. जवळच्या एका गावी मोठं योगशिबिर झालं होतं. शिकवणाऱ्यानं मंचावरून सांगितलं की रोज कपालभाती केली तर बी.पी.च्या गोळ्यांची गरज राहत नाही. माझ्या यादीतली एक बाई तिथं जाऊन आली. वय बावन्न, गोळी चालू, बी.पी. आटोक्यात. पुढच्या महिन्यात लसीकरणाच्या गडबडीत माझी तिच्या घरची फेरी चुकली. त्याच्या पुढच्या महिन्यात तिच्या मुलीचा पहाटे फोन आला. उजवा हात-पाय गेलेला, तोंड वाकडं, बोलता येईना. ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि कागद शोधायला मुलगी घरात गेली, मीही गेले. कोनाड्यात देवाच्या फोटोमागं गोळ्यांचं पाकीट होतं. दहातल्या तीनच गोळ्या घेतलेल्या. मुलगी म्हणाली, “आई म्हनू लाली व्हती, मला आता काय बी होत नाही, गोळ्या कामून खाऊ?” ती बाई आज काठी धरून चालते, पण शब्द अजून अडकतात. माझी चुकलेली फेरी मला अजून टोचते.

कपालभातीत पोट झटक्यानं आत मारायचं असतं. त्यानं पोटातला दाब एकदम वाढतो. रक्तदाब चढलेल्या, हर्निया असलेल्या, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईनं ती करू नये, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मंचावरून शंभर माणसांना एकदम सांगताना कुणाचं पुस्तक कोण वाचणार? तेव्हापासून माझ्या वर्गात बी.पी.चं यंत्र आधी आणि आसन नंतर. १६०/१०० च्या वर आकडा गेला की त्या दिवशी खुर्चीत बसून फक्त सावकाश श्वास, आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. खालची पापणी ओढून बघायची. पांढुरकी दिसली तर उभ्यानं वाकून झटकन वर येणारं काही द्यायचं नाही, भोवळ येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे वर्गात वीस बाया असतील तर दहा-अकरा जणी अशा असणार, हे धरूनच शिकवायला उभं राहायचं.

यंत्र घेऊन योगवर्गात बसणं काहींना खटकतं, योग हा श्रद्धेचा विषय आहे म्हणतात. महाराष्ट्रात या विद्येची नवी घडी बसवणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच सुमाराला बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली नौली आणि उड्डियान या पोटाच्या क्रिया तपासल्या, आतला दाब मोजला, ‘योग मीमांसा’ या नियतकालिकात छापून लोकांपुढं ठेवला. शंभर वर्षांपूर्वी! आणि ऋषिकेशचे स्वामी शिवानंद मुळात मलायात काम केलेले डॉक्टर. संन्यास घेतल्यावरही ते आजाऱ्यांना औषध देतच राहिले. गोळी बंद करा असं मंचावरून सांगणाऱ्यांनी या दोघांचं चरित्र वाचावं.

पण यंत्रापेक्षाही एक गोष्ट मोठी आहे, आणि ती बाहेरून आलेल्या शिक्षकाला कितीही शिकला तरी मिळत नाही. आमच्या वयस्क बायांमध्ये खोकलं की लघवीचा थेंब सुटणाऱ्या किती तरी आहेत. काहींचं अंग बाहेर येतं. पुष्कळ जणींची पिशवी काढलेली आहे, काहींची तर पस्तिशीच्या आत. यातलं एकही वाक्य बाई चारचौघींत बोलत नाही, पुरुष शिक्षकासमोर तर नाहीच. ती गुमान सगळ्यांबरोबर पोट आत मारत राहते आणि तिचं दुखणं वाढतं. मला त्या सांगतात. वर्ग सुटल्यावर वाकळीची घडी घालत मागं रेंगाळतात आणि सांगतात, कारण त्यांची बाळंतपणं मी केलीत. त्यांच्या पोटावरचे टाके कुठं आहेत ते मला माहीत आहे. कुणाचं दुसरं लेकरू गेलं, कुणाचा नवरा पितो, हे मला विचारावं लागत नाही. योगशिक्षक होण्यासाठी लागणारी ही अर्धी तयारी प्रत्येक उपकेंद्राच्या सिस्टरपाशी आणि आशाताईपाशी आधीच आहे.

२०१८ पासून आमच्या उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, २०२३ मध्ये नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. योगाचं सत्र तिथल्या कामात धरलेलं आहे. विचार चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण मी पाहिलेलं प्रशिक्षण एका दिवसाचं होतं, आणि पाहिलेली कित्येक सत्रं फोटो निघेपर्यंतची. त्यात कामावरच्या बाईचा दोष नाही. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, तीस वर्षांवरच्यांची बी.पी.-शुगर, यू-विन पोर्टलवरच्या लसींच्या नोंदी, आणि वर योग. दिवस तेवढाच असतो.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक उपकेंद्रामागं एक आशाताई आणि एक निवृत्त आरोग्य सेविका निवडून त्यांना ते २०० तास जिल्ह्यातच शिकवावेत, आठवड्याला एक दिवस धरून, प्रवासखर्चासह. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथं शरीर शिकवणारे आहेत, फिजिओथेरपीची जाण असलेली माणसं मिळू शकतात. योग जाणणारे जिल्ह्यात आहेत. या दोघांना एका खोलीत आणायचं आहे. वर्ग खरोखर झाला तर त्याचं मानधन, आणि झाला की नाही हे फोटोवरून न ठरवता बी.पी.च्या वहीवरून ठरवावं. निवृत्त सिस्टर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना घर न्‌ घर माहीत आहे आणि संध्याकाळी साडेपाचला त्या मोकळ्या असतात. तिशीतल्या सेविकेवर आणखी एक हुकूम लादण्यापेक्षा हे सोपं आहे.

फायदा काय, असं विचारलं तर माझ्याकडं मोठे आकडे नाहीत. औंढ्याच्या नागनाथाचं लिंग खाली भुयारातल्या गाभाऱ्यात आहे. पायऱ्या अरुंद, उंच, वरचं छत ठेंगणं, बसत-वाकत उतरावं लागतं. इथं जन्म काढलेल्या किती तरी आज्या गुडघ्यांमुळं वरूनच हात जोडतात. वर्गातल्या एका आजीनं पहिल्या दिवशीच मला सांगितलं होतं, “बाई, मला आसनं-बिसनं नको. एकदा नागनाथाला खाली उतरू दे.” सव्वा वर्ष आम्ही त्याचीच तयारी केली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंत धरून एक पायरी चढ-उतर, मांडीचे स्नायू आवळून दहा आकडे. श्रावणातली गर्दी टाळून एका साध्या बुधवारी गेलो. उतरताना आजी प्रत्येक पायरीवर बसली, पाय खाली सोडला, श्वास सोडला, मग पुढची. वर यायला वीस मिनिटं लागली. मागं तटलेल्या पोरांना कुणी तरी सांगितलं, थांबा रे, आजीला येऊ द्या. बाहेर आल्यावर तिनं गुडघा दाबून पाहिला, दुखत होता. त्या रात्री तिनं शेकला आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला आली.

येत्या २१ जूनला सगळीकडं सकाळी योगदिन होईल. आमच्याकडं त्याच सुमाराला मृग संपून आर्द्रा लागते. पाऊस बरा झाला असेल तर बाया उजाडायच्या आत पेरणीला गेलेल्या असतील, त्यांना कुणी मैदानावर बोलावू नये. त्या परत आल्यावर साडेपाचला मी अंगणवाडीचं दार उघडीन. बी.पी.च्या यंत्राचा पट्टा सैल झाला होता, तो मागच्या आठवड्यात बदलून घेतला आहे.